मुलासाठी घरी लाकडी गाडी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतील पालक, आजी-आजोबा आणि सुतारकामाची हौस असलेली मंडळी लहान मुलासाठी लाकडी गाडी करायला घेतात, तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. चाक आणि आस यांना इतर भागांपेक्षा बरीच जास्त जागा दिली आहे, कारण घरी केलेली गाडी निकामी होते ती बहुतेक वेळा चाकाजवळच. टप, बोनेट आणि दिवे यांच्यामुळे कोणतीही गाडी आजवर अडलेली नाही.

पहिल्यांदा करायला कोणती गाडी घ्यावी?

ऊस वाहणारा ट्रॅक्टर आणि त्यामागची ट्रॉली. गळीत हंगामात या भागातील प्रत्येक मूल ती रोज पाहते, तिच्यात वळणदार भाग जवळजवळ नाहीत, आणि ट्रॉली म्हणजे चार फळ्या व एक तळ एवढेच काम असते. शिवाय मुलाला गाडी नुसती ढकलायची नसते, तिच्यात काही भरायचे आणि ओतायचे असते. मोटार किंवा जीप केली तर ही सोय राहत नाही. तीन वर्षांपुढच्या मुलासाठी उसाच्या जागी १२ मि.मी. जाडीच्या, टोके गोल केलेल्या काठ्या देता येतात. त्याहून लहान मुलाला काठ्या न देता ४५ मि.मी. बाजूचे, कोपरे घासलेले ठोकळे द्यावेत.

वय इतके महत्त्वाचे का?

तीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते, म्हणून खेळण्यांच्या भारतीय मानकात (आयएस ९८७३) या वयासाठी सुटे होणारे लहान भाग चालत नाहीत. भाग लहान आहे की नाही हे ठरवण्यासाठी ३१.७ मि.मी. व्यासाचे एक नळकांडे वापरतात. त्याचा तळ तिरपा असल्यामुळे खोली एका बाजूस २५.४ आणि दुसऱ्या बाजूस ५७.१ मि.मी. भरते. घरी एवढे करण्याची गरज नाही. एखाद्या फळीला ३२ मि.मी.चे भोक पाडावे आणि जो भाग त्यातून आरपार जाईल तो या वयाच्या गाडीत ठेवू नये. हेडलाइटची चकती, सायलेन्सरची काडी आणि सुटा ड्रायव्हर या कसोटीवर हटकून बाद होतात. ड्रायव्हर हवाच असेल तर तो सीटच्या ठोकळ्यातूनच कोरून काढावा.

चाकाचा व्यास ४५ मि.मी. किंवा अधिक ठेवण्याचे कारणही हेच आहे. चाक कधी ना कधी निखळणारच असे गृहीत धरावे आणि निखळले तरी ते घशात जाऊ शकणार नाही एवढे मोठे ठेवावे.

लाकूड कोणते घ्यावे?

टिंबर मार्केटमध्ये किंवा जवळच्या वखारीत गेल्यास दरवाजे-खिडक्यांच्या कामातून उरलेले सागवानाचे तुकडे बऱ्याचदा कमी किमतीत मिळतात आणि एका गाडीला तेवढे पुरतात. सागवान टिकाऊ आहे व पावसाळ्यात कमी फुगते, पण त्यात नैसर्गिक तेल असल्यामुळे चिकटवायच्या बाजू त्याच दिवशी घासून मगच गोंद लावावा. आठवडाभर आधी घासून ठेवलेल्या बाजूवर सांधा कच्चा राहतो. सागवानाच्या आणि शिसवाच्या भुश्श्याने काहींना नाक चोंदणे, त्वचेला खाज येणे असा त्रास होतो, तेव्हा घासताना मास्क लावावा. आंब्याचे लाकूड स्वस्त आहे आणि रंध्याखाली गुळगुळीत होते, मात्र त्याला कीड लवकर लागते, म्हणून पूर्ण वाळलेले आणि बारीक छिद्रे नसलेलेच घ्यावे. पाइन मऊ असल्याने नवशिक्याला कापायला सोपे जाते. त्याच्या कडा आपटून दबतात, पण त्याने काही बिघडत नाही.

आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेले की तेथील लाकडी खेळण्यांत पूर्वापार वापरले गेलेले पांगाऱ्याचे हलके लाकूड दिसते. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी हाले म्हणजे आपल्याकडील काळ्या कुड्याच्या पांढरट लाकडातून कातलेली असतात. ही दोन्ही लाकडे कातकामाला आणि कोरकामाला उत्तम आहेत, पण कोल्हापुरात ती वखारीत मागून सहज मिळणारी नव्हेत. म्हणून त्यांच्या मागे न लागता जे मुरलेले लाकूड हाताशी आहे ते घ्यावे.

लाकूड वाळले आहे की नाही हे कळण्याचा भरवशाचा उपाय म्हणजे वजन. तुकडा घरात पंख्याच्या वाऱ्याला ठेवून दर आठवड्याला किराणा दुकानातील काट्यावर वजन करावे. लागोपाठच्या वजनांत फरक पडेनासा झाला की लाकूड घरातील हवेशी जुळले असे समजावे.

औद्योगिक वसाहतीतून मिळणाऱ्या पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट चालतात का?

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींमुळे हे लाकूड येथे मुबलक दिसते. आयात-निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या कणसाचे चित्र असलेला शिक्का असतो आणि त्यात प्रक्रियेची इंग्रजी अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले आहे. ‘एमबी’ म्हणजे त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते मुलाच्या वस्तूसाठी घेऊ नये. शिक्काच नसेल, किंवा लाकडावर तेलाचे वा रसायनाचे डाग असतील, तर ते सरपणालाही न वापरलेले बरे. शिक्का योग्य असला तरी त्या पेटीतून पूर्वी काय वाहून नेले होते हे शिक्का सांगत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

प्लायवूड किंवा एमडीएफ?

ट्रॉलीच्या तळाला ६ मि.मी. प्लायवूड चालते, फक्त त्याच्या कडा खाचेत बसवून झाकाव्यात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता, वापरू नये: ओल लागताच ते फुगते, कडा भुसभुशीत होतात, आणि ते चिकटवण्यासाठी फॉर्माल्डिहाइडयुक्त राळ वापरलेली असते.

पुरात भिजलेले फर्निचर किंवा जुन्या वाड्याचा दरवाजा मोडून गाडी करावी का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न कोल्हापुरात जास्त विचारला जाऊ लागला, आणि त्यामागची भावना समजण्यासारखी आहे: आजोबांच्या कपाटाची गाडी नातवाला मिळावी असे कोणालाही वाटेल. पुराच्या पाण्यात मैला, तेल आणि शेतातील औषधे मिसळलेली असतात. भरीव सागवान पुढे सावलीत सावकाश वाळवून सर्व बाजूंनी रंधून घेतले तर तीन वर्षांपुढच्या मुलाच्या गाडीसाठी ते वापरायला आमची हरकत नाही. पण जे मूल गाडी चघळणार आहे त्याच्यासाठी ते वापरू नये. पुरात भिजलेले प्लायवूड सरळ टाकून द्यावे.

जुन्या दरवाजाची अडचण वेगळी आहे. त्यावर वर्षानुवर्षे चढवलेल्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी असते, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि हिरव्या रंगांत. असा रंग घासला की शिशाची धूळ घरभर पसरते आणि सर्वात जास्त अपाय होतो तो रांगणाऱ्या मुलालाच. रंगवलेले जुने लाकूड म्हणूनच घरी घासू नये. कधीच रंग न लागलेली तुळई किंवा खुंट मिळाला तर मात्र तो नव्या लाकडापेक्षा सरस ठरतो, कारण तो अनेक उन्हाळे-पावसाळे पाहून स्थिरावलेला असतो.

हत्यारे किती लागतात?

बारीक दाताची करवत, गुण्या, लहान रंधा, एक पटाशी, कानस, दोन शिकंजे, स्टँडसह हातड्रिल आणि ८०, १२०, १८० व २२० नंबरचे पॉलिश पेपर. जिगसॉ असल्यास काम लवकर होते, नसल्यास काही अडत नाही. ड्रिलचा स्टँड मात्र टाळू नये. त्याचे कारण आसेच्या उत्तरात येईल.

मापे काय ठेवावीत?

ट्रॉलीसाठी पुढील मापे सोयीची आहेत. तळ २०० मि.मी. लांब व ६० मि.मी. रुंद, बाजूच्या फळ्या ४० मि.मी. उंच, आणि तळाखाली आस धरण्यासाठी ६० मि.मी. लांब, ३० मि.मी. उंच व ४० मि.मी. जाड असा एक आडवा ठोकळा. चाक ५० मि.मी. व्यासाचे व २० मि.मी. जाडीचे घेतले तर चाकाचा मध्य जमिनीपासून २५ मि.मी. वर येतो. ठोकळ्यातील भोकाचा मध्य त्याच्या खालच्या कडेपासून १५ मि.मी. वर धरला की ठोकळा जमिनीपासून १० मि.मी. उंच राहतो आणि चटईच्या कडेवर अडकत नाही. आसेची लांबी अशी काढावी: ठोकळ्याची लांबी ६०, दोन चाकांची जाडी ४० आणि दोन्ही बाजूंची मोकळीक प्रत्येकी २, म्हणजे एकूण १०४ मि.मी.

ही दोन मि.मी.ची मोकळीक मनाला येईल तशी वाढवू नये. हलणाऱ्या भागांमधील फट ५ मि.मी.पेक्षा कमी किंवा १२ मि.मी.पेक्षा जास्त असावी, असा खेळण्यांच्या रचनेतील नियम आहे; त्यामधल्या फटीत लहान बोट जाते आणि चिमटते.

फांदीच्या गोल चकत्या कापून चाके का करू नयेत? दिसायला तर त्या छान दिसतात.

दिसतात छान, पण महिन्या-दोन महिन्यांत त्यांना कडेपासून मध्यापर्यंत पाचरीसारखी चीर पडते. लाकूड वाळताना सर्व दिशांना सारखे आकसत नाही. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे काही प्रमाणात आकसते. आणि वार्षिक वलयांच्या रेषेत, म्हणजे गोलाईच्या दिशेने, त्याच्या साधारण दुप्पट आकसते. पूर्ण चकतीत परीघ आकसू पाहतो आणि आतला भाग त्याला तेवढी जागा देत नाही, त्यामुळे कुठेतरी फाटण्यावाचून लाकडापुढे मार्ग उरत नाही. चीर बुजवली तरी पुढच्या उन्हाळ्यात ती शेजारी पुन्हा पडते.

चाक फळीतून कापावे. फळीच्या पृष्ठभागातून आस आरपार जाईल आणि लाकडाच्या रेषा चाकाच्या चेहऱ्यावर आडव्या दिसतील अशा रीतीने कापलेले चाक ऋतुमानाप्रमाणे किंचित लंबगोल होते, पण फाटत नाही. फार काटेकोरपणा हवा असेल तर १० मि.मी. जाडीच्या दोन चकत्या रेषा एकमेकींना काटकोनात ठेवून चिकटवाव्यात.

चाके एकसारखी गोल कशी निघतील? उद्यमनगरात लेथवर करून मिळतात का?

घरी सर्वात सोपा मार्ग होल सॉचा, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीचा. त्यावरील माप बाहेरच्या व्यासाचे असते, त्यामुळे ५० मि.मी.च्या होल सॉमधून चाक सुमारे ४५ मि.मी.चे निघते, ५० चे चाक हवे असेल तर ५४-५५ चा होल सॉ मागावा. फळीच्या एका बाजूने निम्म्यापर्यंत कापावे, मग फळी उलटून मधल्या बारीक भोकाच्या आधाराने दुसऱ्या बाजूने कापावे, म्हणजे कडा उचकटत नाही आणि चाक होल सॉमध्ये अडकूनही बसत नाही. लाकूड जळाल्याचा वास आला की थांबून भुसा झटकावा. नंतर चारही चाके एका लांब बोल्टवर ओवून नटाने आवळावीत, बोल्टचे टोक ड्रिलमध्ये धरावे, ड्रिल शिकंज्याने टेबलावर पक्के करावे आणि फिरत्या चाकांवर ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर टेकवावा. चारही चाके एकाच मापाची होतात आणि कडाही गोल करता येतात.

शिवाजी उद्यमनगरातील लेथ लोखंडाच्या कामाचे आहेत. त्यांवर लाकूड कातता येते, पण भुसा तेलात मिसळून यंत्राच्या सरकत्या भागांत जातो, म्हणून कारागीर सहसा नाखूश असतो आणि त्याचे चुकत नाही. त्यापेक्षा पोळपाट-लाटणी कातणाऱ्या कातारी कारागिराकडे चाके आणि आसेच्या गोल काठ्या एकदमच सांगाव्यात.

आस कशी बसवावी? चाक आसेवर फिरावे की आस चाकासकट फिरावी?

लहान मुलाच्या गाडीत चाके आसेवर चिकटवून घट्ट बसवावीत आणि आस ठोकळ्यातील भोकात फिरू द्यावी. बैलगाडीत याच्या उलट असते, तेथे आस स्थिर राहून चाक फिरते. पण त्या रचनेत चाक बाहेर येऊ नये म्हणून आसेच्या टोकाला ‘कुणी’ म्हणजे आडवी खीळ लागते, आणि खेळण्यात हीच कुणी पहिल्यांदा निघून मुलाच्या तोंडात जाते.

आस १० मि.मी.ची असेल तर चाकाचे भोक १० आणि ठोकळ्याचे ११ मि.मी. ठेवावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवा महिनोन्महिने दमट असते आणि आस फुगते. उन्हाळ्यात छान फिरणारी गाडी आषाढात अडते ती याच कारणाने. तयार गाडी जुलैत अडू लागलीच तर तेल सोडू नये, कारण खाण्याच्या तेलाने लाकूड चिकट होते. भोकात आणि आसेवर साधी मेणबत्ती घासावी.

ठोकळ्याचे भोक हाताने धरलेल्या ड्रिलने पाडले तर ६० मि.मी. अंतरात ते हमखास तिरके जाते, मग एक चाक पुढे आणि एक मागे राहते व गाडी सतत एका बाजूला वळते. त्यासाठीच स्टँड हवा. स्टँड मिळतच नसेल तर ठोकळ्याच्या तळाला करवत आणि पटाशीने ११ मि.मी. रुंद सरळ खाच पाडावी, त्यात आस ठेवावी आणि खालून पातळ पट्टी चार स्क्रूंनी बसवावी. दिसायला हे थोडे ओबडधोबड आहे. पुढे आस बदलायची झाल्यास मात्र यासारखी सोय नाही.

आता चिकटवण्याविषयी. गोल काठी चाकापेक्षा जास्त कोरडी असावी. काठ्या दोन दिवस कडक उन्हात किंवा फ्रिजच्या मागच्या उबदार जागेत ठेवाव्यात, मग लगेच फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावून चाकात ठोकाव्यात. काठी गोंदातील आणि हवेतील ओल शोषून चाकाच्या भोकात फुगते व सांधा आवळला जातो. याच्या उलट, दमट काठी कोरड्या चाकात बसवली तर ती पुढे आकसते आणि वैशाखात चाक हातात येते. जमल्यास सगळे काम मार्च ते मे या काळातच उरकावे. गोंद भोकाच्या आतल्या बाजूस लावावा, काठीवर थापू नये. नाहीतर जादा गोंद ठोकताना मागे सरकून ठोकळ्याकडे जातो आणि आसच चिकटून बसते.

खिळे वापरावेत का?

नाही. खिळा ढिला होऊन डोके वर काढतो. गोंद आणि लाकडी खुंट्या पुरतात. स्क्रू घेतलाच तर तो खालच्या बाजूस आणि पृष्ठभागाच्या आत बुडवून बसवावा.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली कशाने जोडावी? चुंबक चालेल का?

चुंबक कोणत्याही वयासाठी लावू नये. एकापेक्षा जास्त चुंबक गिळले गेल्यास ते आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना ओढतात, पदर चिमटून भोक पडते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. ट्रॅक्टरच्या मागे १२ मि.मी. जाडीची उभी खुंटी चिकटवावी आणि ट्रॉलीच्या दांड्याला १५ मि.मी.चे भोक पाडावे. दोन वर्षांच्या मुलाला ते स्वतः लावता आणि काढता येते, आणि पुष्कळदा गाडीपेक्षा हाच खेळ जास्त वेळ चालतो. ओढण्याची दोरी लावायची असेल तर ती ३० सें.मी.पेक्षा आखूड ठेवावी, टोकाला फास किंवा मणी नसावा.

रंग कोणता द्यावा?

आमचे मत न देण्याच्या बाजूचे आहे. घरातील मोठ्यांना रंगीत गाडी हवी असते; मुलाला ती चालणारी हवी असते. तरीही द्यायचाच असेल, तर घरात पडून असलेला जुना ऑइल पेंटचा डबा उघडू नये. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग एवढी ठेवणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्याची खात्री देता येत नाही. खेळण्यांसाठी सुरक्षित असे डब्यावर स्पष्ट लिहिलेला पाण्यात मिसळणारा रंग घ्यावा.

बिनरंगी गाडीसाठी दोन पर्याय आहेत. पहिला चपडी लाखेचा: लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाने पातळ हात द्यावेत आणि स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत गाडी मुलाला देऊ नये. चन्नपट्टणला हीच लाख रंगीत कांडीच्या रूपात फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर चढते. कातारी कारागिराला हे काम येत असल्यास चाके त्याच्याकडूनच लाखेत करून घ्यावीत. दुसरा पर्याय खाण्याच्या जवस तेलाचा, वरून मधमाश्यांच्या मेणाचा हात. हार्डवेअरमध्ये ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या जवस तेलात ते लवकर सुकावे म्हणून धातूंची संयुगे घातलेली असतात, ते येथे नको. खाण्याचे जवस तेल सुकायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल सुकत नाही आणि त्याला खवट वास येतो.

जवस तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निघते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते उघड्यावर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून मग टाकावे.

याच पद्धतीने पांगुळगाडा करता येईल का?

करता येईल, पण तो पहिले काम म्हणून घेऊ नये. मूल दांड्यावर पूर्ण भार टाकते, त्यामुळे गाडा मागे उलटू नये म्हणून मागची चाके बरीच मागे न्यावी लागतात आणि तळाशी वजन द्यावे लागते. चाके फार गुळगुळीत फिरली तर फरशीवर गाडा मुलाच्या पुढे पळतो. येथे आसेचे भोक जरा घट्टच बरे. उंबरा, जिना आणि ओटा असलेल्या घरात मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय तो देऊ नये.

शेजाऱ्यांनी मागितल्या तर गाड्या विकता येतात का?

स्वतःच्या मुलासाठी करण्यास कोणतीही परवानगी लागत नाही. विक्रीसाठी मात्र खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश, २०२० लागू होतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना, तसेच नोंदणीकृत भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत मालकाला व अधिकृत वापरकर्त्याला, त्यातून सूट दिलेली आहे. पाच-दहा गाड्या विकायचा विचार असेल तर आधी या नोंदणीची चौकशी करावी.

चाक निखळले किंवा आस मोडली तर?

नुसते चाक सुटले असेल तर जुना गोंद खरवडून काढावा, कारण सुकलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही, आणि मग पुन्हा चिकटवावे. आस मोडली असेल तर दोन्ही चाके जवळून कापून काढावीत, चाकातील काठीचा तुकडा आधी ६ आणि मग १० मि.मी.च्या ड्रिलने कोरून काढावा आणि नवी आस घालावी. भोक मोठे झाल्यास १२ मि.मी.ची आस घेऊन ठोकळ्याचे भोक १३ करावे. गोंद चोवीस तास सुकेपर्यंत गाडी उंच फडताळावर ठेवावी, नाहीतर ती दुरुस्तीच्या आधीच पुन्हा उसाच्या फेरीला निघते.